यंत्र धडधाकट, पण मुदत संपली!

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातील कोट्यवधी संगणक एकाएकी 'जुने' ठरले. त्या दिवशी त्यांच्यात कोणताही बिघाड झाला नव्हता. त्यांचे पंखे आदल्या दिवशीसारखेच फिरत होते, पडदे उजळत होते आणि कळ दाबताच अक्षर उमटत होते. घडले ते एवढेच की, ज्या 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टिमवर ही यंत्रे चालत होती, तिची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्या दिवशी थांबविली. 'विंडोज ११' घ्या. तुमचे यंत्र तिला पात्र नसेल तर यंत्रच नवे घ्या, असा उपदेश कंपनीने केला. जे यंत्र सोमवारी कामाचे होते, ते बुधवारी भंगाराच्या लायकीचे कसे झाले? हा प्रश्न ज्याच्या टेबलावर ते यंत्र आहे, त्या प्रत्येकाने विचारावयास हवा. तो तंत्रज्ञांपुरता आहे असे समजून आमच्या वाचकांनी हा मजकूर बाजूस सारू नये. ज्यांचे पेन्शन, विम्याचे हप्ते, प्राप्तिकराचे विवरणपत्र आणि नातवाचा अभ्यास हे सारे त्याच एका यंत्रावर चालते, त्यांच्या घरातलाच हा प्रश्न आहे.

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत संगणक आला, तो पुष्कळ ठिकाणी तयार खोक्याच्या रूपाने आला नाही. तो जोडून घेतलेला होता. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा दिल्लीत नेहरू प्लेसमध्ये जावे. एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून प्रोसेसर, तिसऱ्यातून मेमरी आणि कॅबिनेट घ्यावे, आणि ओळखीच्या कारागिराकडून ते सारे 'असेंबल' करून घ्यावे, ही रीत एका पिढीने पाळली. कापड निवडून शिंप्याकडून अंगाबरोबर कपडे शिवून घेण्यासारखाच हा प्रकार होता. त्यात दोन पैसे वाचत. पण त्याहून मोठा लाभ असा की, जो भाग बिघडेल तेवढाच बदलता येई. सदऱ्याची कॉलर झिजली तर ती उलटवून शिवावी, सदरा टाकू नये, हा आमच्या आईवडिलांचा संसाराचा हिशेब. तोच आम्ही संगणकालाही लावला. पंखा गेला, पंखा बदलला. मेमरी अपुरी पडली, आणखी एक पट्टी घातली. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली आणि दहा वर्षांचे यंत्र पुन्हा तरुण झाले. अशा यंत्राला कालबाह्य कोणी ठरवावयाचे, हाच आजच्या वादाचा गाभा आहे.

प्रथम कंपनीची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली. तिची मोफत देखभाल दहा वर्षांहून अधिक काळ चालली, आणि २०२५ ही मुदतही काही रातोरात शोधून काढलेली नव्हती. एकच जुनी प्रणाली अनंत काळ सांभाळीत बसावे, असे कोणत्याही कंपनीला सांगता येणार नाही. विंडोज ११ ला ज्या अटी लावल्या आहेत, त्यांनाही कारण आहे. टीपीएम २.० ही त्यांतील मुख्य अट. टीपीएम म्हणजे संगणकातील गुप्त किल्ल्या ठेवण्याची एक लहानशी तिजोरी. यंत्र सुरू होताना मध्येच कोणी परका प्रोग्रॅम घुसला नाही ना, हे पाहणारी 'सिक्युअर बूट' ही दुसरी व्यवस्था. ज्या काळात घरबसल्या बँक लुटली जाते, त्या काळात अशी कडीकुलुपे मागणे चूक म्हणता येत नाही.

परंतु कडीकुलुपांपाशीच गोष्ट थांबली असती, तर आमची तक्रार नव्हती. कंपनीने त्यापुढे जाऊन प्रोसेसरांची एक यादी केली आणि यादीबाहेरच्यांना दार बंद केले. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा हवा. एएमडीचा असेल तर रायझनच्या २००० या मालिकेपासून पुढचा हवा. आता या यादीचा न्याय पाहा. सहाव्या-सातव्या पिढीचा दमदार 'आय-सेव्हन' बाहेर, आणि त्याच्या पासंगालाही न पुरणारे मंद सेलेरॉन मात्र आत! सातव्या पिढीतील मोजक्या प्रोसेसरांना २०२१ मध्ये मागाहून सवलत मिळाली. त्यांतील एक नेमका मायक्रोसॉफ्टच्याच 'सरफेस स्टुडिओ २' या महागड्या संगणकात बसविलेला होता. पंक्तीत वाढणारा आपला असला म्हणजे पानात काय पडते, याचा हा नमुना आहे. क्षमतेची कसोटी लावून यंत्र नापास केले तर ते समजू शकते. पण जन्मसाल पाहून नापास करणे, ही परीक्षा नव्हे.

यावर कित्येकांचे सरळ उत्तर असे की, 'आमचे यंत्र चालते आहे, ते तसेच चालू देऊ. कंपनी बसली बोंबलत!' हा बाणेदारपणा आम्हास परवडणारा नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट आपल्या प्रणालीतील भगदाडे बुजविणाऱ्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. विंडोज १० आणि ११ यांचा पाया पुष्कळ अंशी एकच आहे. म्हणून ११ मधील भगदाड बुजविले की, तेच भगदाड १० मध्ये कोठे उघडे असेल याचा पत्ता चोराला आपोआप मिळतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने सुमारे दीडशे देशांत हाहाकार उडविला आणि ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांची कामे ठप्प केली. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच, निघालेली होती. ज्यांनी ती लावली नाही आणि ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळालीच नाही, ते बळी पडले. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला आणि त्याचा फटका थेट आमच्या उंबरठ्यावर बसला. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले आणि कंटेनरांच्या रांगा लागल्या. ज्या यंत्रावरून पैशांचे व्यवहार होतात, ते दुरुस्तीविना वर्षानुवर्षे इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली दारातील तोरणाला अडकवून ठेवणे होय.

मग मार्ग कोणता? मार्ग आहेत, आणि जोडणीच्या यंत्राच्या मालकाला तर ते तयार यंत्र घेणाऱ्याहून अधिक आहेत. फक्त यंत्राची जात आधी ओळखली पाहिजे.

पहिला वर्ग २०१८ नंतरच्या यंत्रांचा. यांतील अनेकांना विंडोज ११ ने 'अपात्र' असा शेरा मारला आणि मालकांनी कपाळाला हात लावला. प्रत्यक्षात यंत्र पात्रच होते. तिजोरी आतच होती, पण बंद होती. असेंबल केलेल्या यंत्रांत मदरबोर्डाच्या बायोसमधील ही सोय पुष्कळदा कोणी चालूच केलेली नसते. इंटेलच्या बोर्डावर ती 'पीटीटी' या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाने सापडते. दुसरी अडचण डिस्कची. जुन्या पद्धतीने विंडोज घातलेली असेल, तर डिस्क 'एमबीआर' या मांडणीची असते आणि सिक्युअर बूटला 'जीपीटी' ही मांडणी लागते. हा बदल करण्याचे साधन विंडोज १० मध्येच आहे. मात्र आधी डिस्कची मांडणी बदलावी आणि मगच बायोस 'यूईएफआय'वर न्यावा. क्रम उलटला तर यंत्र सुरूच होत नाही आणि धडधाकट यंत्राच्या मरणाची आवई उठते. या वर्गातील मालकाला नवा संगणक विकू पाहणाऱ्या दुकानदाराला त्याने नम्रपणे नमस्कार करावा. विंडोज १० चा रीतसर परवाना ज्याच्यापाशी आहे, त्याला ११ ही प्रणाली फुकट मिळते.

दुसरा वर्ग २०१३ ते २०१७ या काळातील यंत्रांचा, आणि खरा अन्याय यांच्यावरच आहे. येथे जोडणीचा लाभ दिसून येतो. २०१७ मध्ये ज्यांनी रायझनची पहिली मालिका घेतली, त्यांचा प्रोसेसर यादीबाहेर आहे. परंतु त्यांच्या मदरबोर्डाचे एएम-फोर हे सॉकेट एएमडीने पुढे कित्येक वर्षे चालू ठेवले. बोर्ड बनविणाऱ्या कंपनीने नवे बायोस दिले असेल, तर केवळ प्रोसेसर बदलून तेच यंत्र पात्र होते. इंटेलच्या ग्राहकाचे नशीब इतके थोर नाही. सातव्या आणि आठव्या पिढीचे सॉकेट दिसावयास एकच. पण आठव्या पिढीला इंटेलने नवा बोर्ड लागेल अशी तजवीज केली. म्हणजे बोर्ड बदला, प्रोसेसर बदला आणि जुनी डीडीआर-थ्री मेमरी असेल तर तीही बदला. तरीही कॅबिनेट, पडदा, कळफलक, एसएसडी आणि सुस्थितीतील वीजपुरवठ्याचे खोके राहतेच. हा खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या. मेमरीचे भाव २०२५ च्या अखेरीस झपाट्याने चढले, तेव्हा चौकशी न करता बाजारात जाऊ नये. तसेच विंडोजचा किरकोळ विक्रीचा परवाना नव्या बोर्डावर हलविता येतो, यंत्राबरोबर बांधून आलेला परवाना हलविता येत नाही. तो कोणत्या जातीचा आहे, हे आधी पाहावे.

तिसरा वर्ग त्याहूनही जुन्या यंत्रांचा. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून प्रोसेसरला काही विशिष्ट आज्ञा समजणे आवश्यक झाले. कोअर-टू-ड्युओच्या काळातील यंत्रांना त्या समजत नाहीत. तेथे कोणतीही युक्ती चालत नाही. युक्तीवरून आठवण झाली. 'साहेब, अट चुकवून इलेव्हन घालून देतो,' असे सांगणारा कारागीर सर्वत्र भेटतो, आणि मधल्या वर्गातील यंत्रांवर तो ते करूनही दाखवितो. पण अशा यंत्राला पुढील दुरुस्त्यांचा हक्क राहणार नाही, असे कंपनीने स्पष्ट बजावले आहे. दुरुस्त्या मिळाव्यात म्हणून जी उठाठेव करावयाची, तिनेच दुरुस्त्यांची शाश्वती जावी, यात शहाणपणा कोणता? त्यातही कारागिराच्या पेनड्राइव्हवरील प्रत चोरीची असली, तर चोराला घरात घेऊन मग कडी लावल्यासारखे होईल.

ज्यांना आज कोणताच खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी कंपनीने वाढीव सुरक्षेची एक योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. यंत्रातील मांडणीची नक्कल मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवावी, म्हणजे ती फुकट. नाही तर तीस डॉलर किंवा कंपनीच्या बक्षीस-योजनेतील हजार गुण मोजावे. आता या योजनेतील भेद पाहा. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील नागरिकांना हीच सवलत, खात्यात नक्कल ठेवण्याची सक्ती न करता, विनामूल्य देण्यात आली. ठराविक दिवसांनी खात्यात हजेरी लावली की पुरे. युरोपीय माणसाचा संगणक अधिक नाजूक आहे काय? मुळीच नाही. तेथील ग्राहकसंघटनांनी कायद्यावर बोट ठेवले आणि कंपनीला नमते घ्यावे लागले. जेथे कायद्याला दात आहेत तेथे दया उपजते. जेथे ते नाहीत तेथे तीस डॉलरांची पावती फाटते. हा दोष एकट्या कंपनीचा नव्हे, आमचाही आहे.

आणखी एक मार्ग आहे, आणि त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारखी मुक्त प्रणाली दुसऱ्या वर्गातील यंत्रावर सुखाने नांदते. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत, दुरुस्त्या नियमित मिळतात आणि पेनड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते. पटली तरच डिस्कवर घालावी. इंटरनेट, पत्रव्यवहार, बँक आणि मराठीतील लेखन यांत काही उणे पडत नाही. केरळातील शाळांनी हा मार्ग कधीच धरला आणि तेथील मुले त्यावरच शिकली. आमच्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूच्या पायावर उभारलेली 'माया' ही प्रणाली स्वीकारण्याचे जाहीर केले. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार सरकारी संगणक मुक्त सॉफ्टवेअरकडे वळविण्याचा निर्णय घेतला. तथापि, ज्याचे हिशेबाचे किंवा छपाईचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, त्याला हा मार्ग लगेच मोकळा नाही, हेही सांगितले पाहिजे.

छपाईचा उल्लेख आम्ही जाणूनबुजून केला. पुण्यामुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत मराठी पुस्तके, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका ज्या यंत्रांवर जुळविल्या गेल्या, त्यांतील पुष्कळ यंत्रे अशीच जोडणीची आहेत. त्यांच्यावर पेजमेकर आहे, श्री-लिपी किंवा आकृतीचे जुने फाँट आहेत. युनिकोडपूर्व पद्धतीने टंकलेला तो मजकूर त्या फाँटांविना उघडला तर मराठीऐवजी अगम्य चिन्हांचा सडा दिसतो. विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांची आहे. ३२ बिटांच्या विंडोज १० वर चालणारे जुने प्रिंटर, स्कॅनर आणि सॉफ्टवेअरच्या कुलुपासाठी लावलेले डोंगल यांचे ड्रायव्हर तिच्यावर चालत नाहीत. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, प्रणाली बदलण्यापूर्वी हा सारा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा आणि त्याची एक प्रत यंत्राबाहेरच्या डिस्कवर ठेवावी. संगणक पुन्हा विकत मिळेल; एखाद्या लेखकाचे वीस वर्षांचे लेखन किंवा एखाद्या प्रकाशनाची शंभर पुस्तके पुन्हा मिळणार नाहीत. मराठी वाङ्मयाचा जो भाग छापला गेला तो ग्रंथालयांत राहील. जो केवळ अशा डिस्कांवर आहे, तो एका बेसावध दुपारी नाहीसा होऊ शकतो.

आता सरकारविषयी. कॅनॅलिस या संशोधन-संस्थेने २०२३ मध्ये असा अंदाज वर्तविला होता की, या एका निर्णयामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन त्याच्या पुनर्वापराची नोंद झाली ती केवळ २२.३ टक्क्यांची. उरलेल्याचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर कोणत्याही महानगराच्या भंगारवस्तीत जावे. तारा जाळून तांबे काढणाऱ्या माणसाच्या छातीत तो धूर जातो. आमच्या सरकारने ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू केले आणि 'दुरुस्तीच्या हक्का'चे संकेतस्थळही डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले. हेतू स्तुत्य आहे. पण दुरुस्ती म्हणजे केवळ स्क्रू आणि सुटे भाग नव्हेत. ज्या यंत्राला सुरक्षेची दुरुस्ती नाकारली जाते, त्याचा प्रत्येक सुटा भाग बाजारात मिळाला म्हणून काय उपयोग?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. संगणक, प्रोसेसर किंवा प्रणाली विकताना तिच्या देखभालीची अखेरची तारीख, औषधाच्या बाटलीवर असते तशी, ठळक छापण्याचे बंधन घालावे. मोबाईल फोन आणि टॅब्लेट यांच्याबाबत युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असे बंधन घातले आहे की, एखाद्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे प्रणालीच्या दुरुस्त्या दिल्याच पाहिजेत. संगणकालाही हे तत्त्व का लावू नये? युरोपला जी सवलत विनाअट मिळाली, ती भारतीय ग्राहकालाही द्या, असे सरकारने कंपनीला ठणकावून विचारावे. आणि सरकारी कचेऱ्या, शाळा व ग्रंथालये यांतील जुनी यंत्रे लिलावात काढण्यापूर्वी त्यांवर मुक्त प्रणाली चालते काय, हे तपासणे सक्तीचे करावे. सार्वजनिक पैशांतून घेतलेल्या यंत्राचे मरण एका खाजगी कंपनीच्या दिनदर्शिकेवर सोपविणे, हे स्वाभिमानी राज्याला शोभत नाही.

वाचकांना आमचे सांगणे थोडक्यात असे. घाबरून नवे यंत्र घेऊ नका, आणि बेफिकीर राहून जुनेही तसेच चालवू नका. प्रथम कागदपत्रांची आणि छायाचित्रांची प्रत बाहेर काढा. मग यंत्राची जात ओळखा. आणि मगच खिशात हात घाला. यंत्र तुमच्या घामाच्या पैशांनी आले आहे. त्याने केव्हा निवृत्त व्हावे, हे त्याच्या प्रकृतीवरून ठरावे, दूर बसलेल्या कंपनीच्या यादीवरून नव्हे. मात्र तो अधिकार ज्याला हवा असेल, त्याने आपल्या यंत्राची कवाडे उघडी ठेवून झोपता कामा नये.